कोंडवाड्याला दार होते

सध्या आपल्या शहरांतून 'रेस्क्यू' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. सुटका, सोडवणूक, बचाव असे चांगले पर्याय हाताशी असताना मराठीने हा शब्द जसाच्या तसा उचलला, हे आम्हांला केवळ योगायोगाचे वाटत नाही. 'सुटका' म्हटले की ऐकणारा लागलीच विचारतो, कोणाच्या तावडीतून? 'बचाव' म्हटले की विचारतो, कशापासून? 'रेस्क्यू'ला असे प्रश्न विचारण्याची सवय मराठी कानाला अजून लागलेली नाही. शब्द उच्चारला की करणारा उदात्त ठरतो, ज्याचे केले तो अनाथ ठरतो, आणि ज्याच्याकडून केले तो कोणीतरी क्रूर माणूस असणारच, असे गृहीत धरले जाते. या तिसऱ्या माणसाला आपली बाजू मांडण्यासाठी त्या वाक्यात जागाच नसते.

आमचा आक्षेप भूतदयेवर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्या मुंबईत कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध १८३२ साली लोक रस्त्यावर आले आणि १८३४ साली जिथे पांजरपोळ उभा राहिला, तिथे मुक्या जिवांविषयीची कणव ही काही आजची आयात नव्हे. आमचा आक्षेप दयेच्या आड उभ्या राहणाऱ्या सत्तेवर आहे. ही सत्ता जनावर ताब्यात घेते, त्याच्या माणसाची लायकी तपासते, निवाडा करते आणि तो अमलातही आणते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर कोणालाही उत्तर देण्यास ती स्वतःला बांधील मानत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. एखाद्या फाटक्या पानावरून संपूर्ण ग्रंथाचा निकाल लावणारा वाचक आपण वर्गात रोज दुरुस्त करतो. तसाच वाचक संस्था काढून बसला तर काय होते, एवढाच येथे प्रश्न आहे.

निमित्त एका सशाचे आहे. बर्फी ही आमच्या घरात साडेतीन वर्षे वाढलेली पांढऱ्या सशाची मादी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या इमारतीखाली फटाक्यांची माळ लागली, आणि ती बिथरून अंगणाच्या कुंपणाबाहेर गेली. पुढचे तीन दिवस आम्ही गल्लीबोळ पालथे घातले, वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, रिक्षाथांब्यावर चिठ्ठ्या लावल्या. चौथ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या रखवालदाराने सांगितले की दोन तरुणांनी तिला खोक्यात घालून एका प्राणिसंस्थेत नेले. त्या तरुणांचे आम्ही आजही ऋणी आहोत. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आधी ते तिच्यापर्यंत पोहोचले. आम्ही तिची छायाचित्रे आणि पशुवैद्याचे कार्ड घेऊन त्याच संध्याकाळी संस्थेच्या फाटकाशी उभे राहिलो. आता ससा परत मिळणार, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात हाती पडला तो चार पानी अर्ज.

त्या अर्जात घराचे क्षेत्रफळ विचारले होते, उत्पन्न विचारले होते, दिवसा घरी कोण असते, घर मालकीचे की भाड्याचे, हेही विचारले होते. ससा केव्हा हरवला, कसा हरवला, त्याची ओळख काय, यांपैकी एकही प्रश्न त्यात नव्हता. एका स्वयंसेवकाने तर ससा पाळणे हाच गुन्हा असल्याचे ठणकावून सांगितले. वास्तविक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा संबंध आपल्या रानातल्या सशाशी आहे. घरोघरी दिसणारा पांढरा ससा हा मुळात युरोपातील वेगळ्या जातीचा, शतकानुशतके माणसाळलेला प्राणी आहे, आणि तो पाळण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. हे आम्ही नम्रपणे सांगितले. त्यावर, मालकी हक्काची भाषा करणाऱ्यांना प्राण्याविषयी प्रेम नसते, असे उत्तर मिळाले. तिला एकदा लांबून पाहू देण्याची विनंतीही नाकारली गेली. अकराव्या दिवशी दूरध्वनीवरून कळवण्यात आले की बर्फी एका 'योग्य' कुटुंबाला दत्तक देण्यात आली असून त्यांचा पत्ता गोपनीय आहे. ती केव्हा दाखल झाली, कोणी आणली, आमचा अर्ज कोणी व कोणत्या कारणाने फेटाळला, याविषयी एका ओळीचाही कागद आम्हांला मिळालेला नाही.

यातील 'दत्तक' हा शब्द आम्ही सहजासहजी सोडणार नाही, कारण सगळी गोम तिथेच आहे. दत्तक म्हणजे दिलेला. देणाऱ्यावाचून दत्तक संभवत नाही. जुन्या धर्मशास्त्रात हा विधी पाणी सोडून होई, आणि देण्याचा अधिकार आईबापांनाच असे. म्हणूनच ज्याला द्यायला कोणी उरले नाही अशा पोरक्या मुलाचे दत्तविधान जुना हिंदू कायदा सामान्यतः मान्य करत नसे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे ही अट कायम ठेवली. आईबापांनी टाकून दिलेले मूल उचलून वाढवले तर त्याला शास्त्रकार दत्तक म्हणत नसत, 'अपविद्ध' म्हणत. दिलेला आणि टाकलेला यांतला हा फरक शब्दाच्या पातळीवरच इतका स्पष्ट होता.

आता हरवलेला जीव यांपैकी कशात बसतो? तो दिलेला नाही आणि टाकलेलाही नाही. त्याच्यासाठी कोणीतरी गल्लीत हाका मारत फिरत असते. या तिसऱ्या अवस्थेला संस्थांच्या परिभाषेत शब्दच नाही. आत आलेले प्रत्येक जनावर एक तर 'सरेंडर' झालेले असते, नाही तर 'अबॅन्डन' केलेले असते. भाषेतून एक प्रकार वगळला की व्यवहारातून त्या प्रकारची माणसेही वगळता येतात. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'सोडून देणारा' ठरवायचे, मग स्वतःच दात्याच्या जागी बसायचे आणि जे आपले नव्हते ते दान करायचे! देणारा न विचारता केलेल्या देण्याला मराठीत दुसरा शब्द आहे, आणि तो वापरण्याचा मोह आम्ही महत्प्रयासाने आवरतो आहोत.

यावर संस्थेचा प्रतिप्रश्न तयार असतो: ससा तुमचाच कशावरून? प्रश्न रास्त आहे. पांढरे ससे एकमेकांसारखे दिसतात. आपल्याकडे सशाच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवण्याची पद्धत रुळलेली नाही. महानगरपालिका परवाने देतात ते मुख्यतः कुत्र्यांचे. तेव्हा पुरावा तपासला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. दुःख याचे आहे की तो कोणी तपासलाच नाही. बर्फीच्या डाव्या कानाला खालच्या बाजूस एक बारीक चीर आहे, पुढच्या उजव्या पायाचे एक नख वाकडे आहे, आणि स्टीलच्या डब्याचे झाकण वाजले की ती जिथे असेल तिथून येते. ही तीनही लक्षणे पडताळून पाहायला दोन मिनिटे पुरली असती.

हरवलेल्या वस्तूच्या दावेदाराला कसे तपासावे, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. ज्या मनुस्मृतीची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, तिच्या आठव्या अध्यायातही बेवारस धन राजाने तीन वर्षे सांभाळावे आणि 'हे माझे' म्हणत येणाऱ्याला त्या वस्तूचे रूप, संख्या इत्यादी विचारून, खूण पटल्यास ती परत द्यावी, अशी तरतूद आहे. आम्ही त्या होळीच्या बाजूचे आहोत, त्यामुळे मनूची तरफदारी करण्याचा आमच्यावर संशय कोणी घेऊ नये. माणसामाणसांत इतका घोर भेद करणारा ग्रंथसुद्धा हरवलेल्या वस्तूच्या दावेदाराला वस्तूविषयीच प्रश्न विचारावा म्हणतो. करुणेचा वसा घेतलेली आमची संस्था मात्र त्याच्या घराचे क्षेत्रफळ विचारते.

शाकुंतलाच्या अभ्यासकांना सहाव्या अंकाआधीचा प्रवेशक आठवत असेल. राजाची अंगठी धीवराच्या हाती सापडते, आणि रक्षक त्याला बांधून आणतात. त्या प्रसंगात रक्षकांचा दांडगेपणा आहे, धीवराच्या जातीची आणि धंद्याची टवाळी आहे, आणि कालिदास ती निर्विकारपणे दाखवतो. परंतु चौकशीची दिशा पाहण्यासारखी आहे. वस्तू ज्याला सापडली त्याने ती आपल्याकडे कशी आली हे सांगायचे आहे. खूण पटताच अंगठी स्वस्थानी जाते आणि सापडवणाऱ्याला अंगठीच्या मोलाचे बक्षीस मिळते. आजच्या प्राणिसंस्थेच्या फाटकाशी ही दिशा उलटी झाली आहे. सापडवणारा आसनावर बसून प्रश्न विचारतो आणि ज्याचे हरवले तो आरोपीसारखा उभा राहतो. धीवराला छळणाऱ्या रक्षकांचे आम्ही समर्थन करत नाही. सापडवणाऱ्याचा छळ होऊ नये, आणि हरवलेल्याचाही होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता कोंडवाड्याकडे वळू. हा शब्द मराठी मनात काळोख घेऊन येतो, आणि दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले, यात नवल नाही. इंग्रजी अमदानीत कोंडवाडा हे गरीब गुराख्याला आणि शेतकऱ्याला नाडण्याचे साधन होते. चराऊ राने जंगलखात्याने गिळंकृत केल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली आहे. रान बंद झाले की गुरे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणार आणि दंड गरिबालाच बसणार, हे सांगायला पंडित नको. तरीही १८७१चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा एकदा उघडून वाचण्यासारखा आहे. जनावर आत आले की कोंडवाडेवाल्याने नोंदवहीत त्याचे वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव-गाव आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव-गाव लिहायचे. त्याला चारापाणी करायचे. मालक येऊन दंड व खर्च भरील तर जनावर त्याच्या हवाली करायचे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, तिथे सूचना लावायची, आणि जनावर जिथे पकडले त्याच्या जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतर आणखी सात दिवस थांबायचे. मगच लिलाव.

एवढ्यावर तो कायदा थांबत नाही. पकडणेच बेकायदा होते असे मालकाचे म्हणणे असेल, तर त्याला दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. वाद चालू असतानाही त्याने रक्कम अनामत ठेवली तर जनावर त्याला घरी नेता येते. लिलावाच्या पैशातून दंड व खर्च वजा जाता उरलेली रक्कमही मालकाची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोंडवाडेवाल्याला त्या लिलावात जनावर विकत घेता येत नाही. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याचा त्या जनावरात हितसंबंध असू नये, हे परकीय सरकारच्या महसुली डोक्यालाही समजत होते. या कायद्याचे आम्हांला कौतुक नाही. दंड वसूल करण्यासाठी बांधलेल्या त्या कोंडवाड्याला मालकासाठी एक दार होते, आणि प्रेमाने बांधलेल्या या निवाऱ्याला ते नाही, एवढेच आम्ही नोंदवतो आहोत.

सापडलेल्या वस्तूविषयीचा कायदाही काही गूढ नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७१ने सापडवणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी टाकली आहे. कलम १६८ प्रमाणे वस्तू जपण्यासाठी व मालक शोधण्यासाठी झालेल्या खर्चाची भरपाई मिळेपर्यंत त्याला ती अडवून धरता येते. म्हणजे संस्थेने आमच्याकडून औषधपाण्याचे आणि चाऱ्याचे पैसे मागितले असते तर ते न्याय्यच होते, आणि आम्ही ते आनंदाने भरले असते. परंतु वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडत नाही, किंवा तो कायदेशीर खर्च देण्यास नकार देतो, त्याशिवाय सापडवणाऱ्याला विक्रीचा प्रश्नच येत नाही, आणि तेव्हाही कलम १६९च्या आणखी अटी आहेत. मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा त्याला शोधण्याचे वाजवी उपाय करण्यापूर्वी, सापडलेली वस्तू आपलीशी करणे यास जुन्या दंडसंहितेचे कलम ४०३ गुन्हा म्हणत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४मध्ये तोच विचार कायम आहे. आम्ही कोणावर फिर्याद करण्याच्या इराद्याने हे लिहीत नाही. चांगल्या हेतूने केले की सर्व काही माफ असते, ही समजूत कायद्याची नाही, एवढे दाखवणे पुरेसे आहे.

येथे आमचे जाणते विरोधक म्हणतील, तुम्ही सशाला छत्री समजता. छत्री हरवली तर मूळ मालकाला द्यावी, हे ठीक. जिवंत प्राण्याच्या बाबतीत त्याचे हित पाहावे लागते, मालकी नव्हे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. कायद्याची मालमत्तेची भाषा जिवंत प्राण्याला तोकडी पडते, हे आम्हांला मान्य आहे. बर्फी आमच्या मालकीची वस्तू होती असे आम्ही घरात कधी बोललो नाही. परंतु प्राण्याचे हित हाच निकष धरायचा, तर तो पूर्णपणे धरावा. ससा हा बिळातला, जागेला घट्ट बांधलेला, ओळखीच्या वासांवर जगणारा प्राणी आहे. त्याला ओकारी होत नाही, दात जन्मभर वाढतात, आणि भीतीने किंवा अचानक बदललेल्या आहाराने त्याचे आतडे थंडावले तर काही तासांतही जिवावर बेतू शकते. तिला कोणता चारा मानवतो, कशाने पोट बिघडते, हे ज्यांना साडेतीन वर्षे ठाऊक आहे त्यांच्याकडून ते न विचारता तिला तिसऱ्या घरी पाठवणे, हे तिचे हित कसे?

शिवाय हित पाहायचे ते कोणी? पंचतंत्रातील कपिंजल आणि सशाची गोष्ट या संदर्भात वाचण्याजोगी आहे. घरट्याच्या ताब्यावरून दोघांचा वाद होतो. नदीकाठी तप करणाऱ्या, अहिंसेवर प्रवचन देणाऱ्या मांजराकडे ते निवाडा मागायला जातात. ऐकू येत नाही, जवळ या, असे सांगून ते मांजर दोघांनाही फस्त करते. ही उपमा आम्ही कोणा स्वयंसेवकाला लावत नाही. त्यातली बहुतेक मुले प्रामाणिक आहेत, रात्री-अपरात्री जखमी जनावरांसाठी धावतात. गोष्टीतला मुद्दा वेगळा आहे. निवाडा करणाऱ्याचे पावित्र्य ही निवाड्याच्या न्याय्यतेची हमी होऊ शकत नाही. ती हमी पद्धतीतून येते: दोन्ही बाजू ऐकल्या का, कारण लिहून दिले का, वर दाद मागता येते का?

आणि जिथे मालक खरोखरच क्रूर असेल तिथे? तिथे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाचा प्राणी कायमचा काढून घेता येतो, पण तो दोषी ठरल्यावर, न्यायालयाच्या आदेशाने, आणि परत दिल्यास पुन्हा छळ होण्याचा संभव पुराव्याने दिसत असेल तरच. २०१७च्या नियमांनी खटला चालू असतानाच जनावरे गोशाळा, पांजरपोळ वगैरेंच्या ताब्यात देण्याची वाट करून दिली. तेव्हा म्हशींच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि जानेवारी २०२१मध्ये खंडपीठाने हे नियम मूळ कायद्याशी विसंगत दिसतात आणि जनावरे ही लोकांच्या उपजीविकेचे साधन आहेत, असे केंद्र सरकारला बजावले. आमच्या सशाच्या जागी एखाद्या शेतकऱ्याची बैलजोडी किंवा व्यापाऱ्याच्या म्हशी ठेवून पाहा, म्हणजे प्रश्नाचे खरे वजन कळेल. आमचे घर सुने झाले. त्यांची चूल बंद पडते. दोन्हीकडे वृत्ती एकच: आधी ताबा, मग चारित्र्याची चौकशी, आणि परतीची वाट नाही.

चारित्र्याची ही चौकशी नेहमी एकाच वर्गाला जड जाते. अमेरिकेत २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडवले. लोकांना हलवणाऱ्या बसगाड्यांतून आणि अनेक आसरा छावण्यांतून पाळीव प्राण्यांना मज्जाव होता, त्यामुळे हजारोंना आपली कुत्री-मांजरे मागे ठेवावी लागली. देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी ती वाचवली, हे त्यांचे मोठे काम. पण त्यांतील कित्येक दूरच्या राज्यांत नव्या घरी दिली गेली. महिनोन् महिने छावण्यांत काढून मूळ मालक शोधत आले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की तुम्ही त्यांना टाकून गेलात, लसी टोचल्या नव्हत्या, तुम्ही लायक नाही. या वादांवर २००९ साली 'माईन' नावाचा माहितीपट निघाला. त्यात शोधणारे बहुतांशी गरीब आणि त्यांतले अनेक कृष्णवर्णीय आहेत, तर ज्यांच्याकडे जनावरे पोहोचली ते सुस्थितीतले, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. ऑक्टोबर २००६मध्ये तिथे कायदा झाला आणि आपत्तीच्या आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे आवश्यक ठरले. चूक माणसांच्या प्रेमात नव्हती, व्यवस्थेत होती, याचीच ती कबुली म्हणता येईल.

त्याच देशातील दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ह्यूस्टनमध्ये एका कुटुंबाचा कुत्रा घरातून निसटला, शहराच्या कोंडवाड्यात गेला आणि तिथून एका संस्थेकडे. मालक आले तेव्हा संस्थेने परत द्यायला नकार दिला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मालकांचा हक्क संपलेला नाही असा निर्णय देऊन कुत्रा त्यांना परत देवविला. याउलट व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सापडवणाऱ्या स्त्रीच्या बाजूने कौल दिला. कारण तिने कुत्रा मिळताच उद्यानांत, दुकानांत सूचना लावल्या होत्या, स्थानिक नभोवाणीवरून जाहीर केले होते, आणि एक वर्षाहून अधिक काळ त्याला सांभाळले होते. या दोन निकालांत आम्हांला विरोध दिसत नाही. जिने दवंडी पिटली आणि वाट पाहिली, तिला जनावर राखण्याचा अधिकार मिळाला. जी संस्था दाराशी आलेल्या माणसाला परतवत होती, तिला तो मिळाला नाही.

आम्हांला संस्थांच्या अडचणी दिसत नाहीत असे कोणी समजू नये. सणावाराला खेळण्यासारखे ससे विकत घेणारे आणि महिन्याभरात कंटाळून बागेत सोडून देणारे लोक आहेत. जागा अपुरी, पैसा अपुरा, माणसे अपुरी. रोज अशी जनावरे पाहून मन कडवट होणे स्वाभाविक आहे. परंतु दहा निष्काळजी माणसे पाहिली म्हणून अकराव्याला न ऐकता दोषी ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. तो मिळू लागला तर न्यायाधीशांची आणि परीक्षकांची गरज उरणार नाही. अनुभवी माणसाचा वैताग पुरेसा होईल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या पूर्ण करायला देणगी लागत नाही. आत आलेल्या प्रत्येक जनावराची तारीख, जागा आणि आणणाऱ्याचे नाव यांसह नोंद व्हावी. जिथे ते सापडले त्या परिसरात सूचना लागावी. किमान पंधरा दिवस ते कोणालाही देऊ नये, आणि दावेदार आल्यास दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुळीच देऊ नये. दावेदाराला जनावराच्या खुणा विचाराव्यात, त्याचे उत्पन्न नव्हे. छळाचा संशय असेल तर पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह लिहून द्यावा, आणि संस्थेबाहेरच्या एखाद्या पशुवैद्याकडे किंवा जाणत्या व्यक्तीकडे त्यावर दाद मागण्याची सोय असावी. झालेला खर्च जरूर घ्यावा. बर्फीबाबत आम्ही याच शब्दांत संस्थेला पत्र दिले आहे आणि पोचही घेतली आहे. उत्तर आलेले नाही. ज्या कुटुंबाकडे ती आहे त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही, कारण त्यांना बहुधा एवढेच सांगण्यात आले असेल की हिला कोणी नव्हते. हे वाक्य खोटे आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा दुसरा मार्ग आम्हांला ठेवलेला नाही.